पाटवाली

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे चिंच फोडली.

घरामागच्या सांदवाडीत आमचं चिंचेचं झाड आहे. चैत लागला की चिंच उतरवायची, वाळवायची, फोडायची, मीठ लावून मडक्यात भरायची. दरसालचं काम. ती पाटावर बसली होती, मी पोत्यावर. मी टरफलं काढून पुढं सरकवत होतो, ती विळीवर चिंच चिरून चिंचोके काढत होती.

"बोटं चाटू नोका," ती म्हणाली.

"घरची चिंच आहे."

"म्हून काय झालं? मडक्यात तुमची थुकी भरू काय?"

चिंचोका हातात आला की ती उजेडात धरून पाहायची. किडका फेकायची, चपटा फेकायची. जाड, गोल, गुळगुळीत असे पाहून तिनं पाच काढले, पुसले अन् पदराच्या गाठीत बांधले. ते दुसऱ्या दिवशीसाठी होते. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता गोंदियाच्या कोर्टात तिरोड्याकडच्या एका आठ वर्षांच्या पोरीची साक्ष होती. बापानं दारू पिऊन पोरीचा हात मोडला होता. माय म्हणत होती, पोरगी शेताच्या धुऱ्यावरून पडली. खरं सांगणारं पोरीशिवाय कोणी नव्हतं, अन् पोरगी दोन तारखांना पिंजऱ्यात उभी राहिली, तोंड उघडलं, आवाजच निघाला नाही. जजसाहेबांनी सांगून टाकलं होतं, ही शेवटची तारीख. आता नाही बोलली तर साक्ष बंद. साक्ष बंद म्हणजे बाप सुटला, अन् बाप सुटला म्हणजे पोरगी आजीच्या घरून उठून परत त्याच्या घरी.

"लुनात पेट्रोल आहे ना?" तिनं विचारलं.

"आहे."

"मागच्या बारीले पन आहे म्हनले, अन् फाटकापासून ढकलत नेली."

मी चहा मांडायला उठलो. घेऊन आलो तर ती भिंतीला टेकली होती, हात चिंचेनं बरबटलेले, हनुवटी छातीवर. मला वाटलं डोळा लागला. तिचा कप पुढ्यात ठेवला, माझा पिऊन घेतला. तिच्या चहावर साय आली तेव्हा मी हात लावून पाहिला.

माणसं विचारतात, शेवटचं काय बोलल्या? पेट्रोलचं बोलली. दुसरं काही बोलली नाही.

तिचं नाव मी कधी घेतलं नाही. आमच्याकडं घेत नाहीत. ती पण माझं घेत नव्हती. आता मेल्यावर घेऊन काय फरक पडते. संस्थेच्या रजिस्टरात लिहिलेलं आहे, ज्याला पाहिजे त्यानं जाऊन पाहावं. कोर्टात तिला पाटवाली म्हणत, तेवढं पुरे आहे.

मी रेल्वेत गँगमन होतो. शिक्षण तिसरी. ती सातवी होती अन् हे सातवीचं ती मला दर दोन दिवसांनी ऐकवायची. अंगणवाडीत मदतनीस होती, खिचडी शिजवायची. तिथं एकदा एका संस्थेची मॅडम आली. म्हणाली, मार खाल्लेलं, टाकून दिलेलं लेकरू कोर्टात नाहीतर बालकल्याण समितीपुढं येते तेव्हा पोलिसाला पोलिसाचं काम असते, वकिलाला वकिलाचं. लेकराच्या बाजूनं पाहणारं एक माणूस पाहिजे. त्याच्या घरी जायचं, चौकशी करायची, तारखेला त्याच्यासंग राहायचं, साहेबांनी विचारलं तर सांगायचं. पगार नाही. दहा बायांनी नावं दिली. दोन दिवस एका हॉलमध्ये शिकवलं, पोहे दिले. वर्ष होईस्तोवर आठ सुटल्या. नववीच्या नवऱ्याची बदली झाली. उरली आमची.

मी म्हटलं, "कायले पाहिजे लोकाच्या घरची भानगड?"

ती म्हणाली, "तुमाले कोन म्हनते भानगडीत पडा म्हून? तुमी लुना चालवा."

अकरा वर्षं मी लुना चालवली.

लोकांना वाटते, असं काम करणारी बाई म्हणजे मायाळू असंल. लेकरं पोटाशी धरत असंल. तसं काही नव्हतं. तिनं एकाही लेकराला मांडीवर घेतलं नाही. मॅडम एकदा म्हणाली, जवळ घ्या हो त्याला, रडून राहिला तो. तर ही म्हणाली, "मांडीवर घेतलं का मंग उतरवा लागते. उतरवाचं कोनी?" लेकरू रडत राहिलं, ही बाजूला बसून राहिली. त्याचं रडणं झालं तेव्हा नाक पुसायला फडकं दिलं.

आम्हाला दोन पोरी. थोरलीला तिनं एकदा फुंकणीनं मारलं होतं, दूध उतू गेलं म्हणून. दंडावर वळ होता महिनाभर. थोरली तिची आई कोर्टात जाऊन राहिली हे ऐकून सासरहून आली अन् जेवता जेवता म्हणाली, "माये, मी पन येऊ का साक्ष द्याले? फुंकनीची?"

मला वाटलं आता भांडण होते. ती भात वाढता वाढता म्हणाली, "ये. जे खरं हाय ते सांग. मी नाई म्हननार नाई."

मग दोघी हसल्या. पण मारलं त्याच आठवड्यात ती फुंकणी तिनं चुलीत घातली होती, हे थोरलीला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, कारण मीच नवी आणून देत नव्हतो म्हणून ती वर्षभर नुसत्या तोंडानं फुंकत होती.

पाटाचं असं झालं. पहिल्याच साली एक लहान पोरगं साक्षीला उभं केलं. पिंजऱ्याचा कठडा मोठ्या माणसाच्या बेताचा. साहेब चष्मा वर करून म्हणाले, "साक्षीदार कुठं आहे?" सगळं कोर्ट हसलं. पोराला वाटलं आपल्याला हसून राहिले. त्या दिवशी ते पोरगं एक शब्द बोललं नाही.

पुढच्या तारखेला ती लुनावर मागं पाट घेऊन बसली. आमच्या लग्नातला पाट. दोन होते, माझा वाळवीनं खाल्ला, तिचा राहिला. कोर्टाच्या दारात पुकारा करणारा शिपाई उभा. गोंदियाचा माणूस, हिंदीतच बोलायचा.

"ए बाई, ये क्या है?"

"पाट हाय."

"कोर्ट में पाट नहीं चलता."

"खुर्ची चालते?"

"खुर्ची चलती है."

"मंग हे खुर्चीचं लेकरू समजा." अन् त्याच्या बगलेतून आत. पाट पिंजऱ्यात ठेवला, पोराला वर चढवलं. कठड्यावरून डोकं दिसलं, साहेबांनी चष्मा खाली केला अन् विचारायला लागले.

त्या दिवसापासून शिपायाची अन् तिची जुंपून राहायची. तिनं पाट विसरला तर हाच विचारायचा, "आज लेकरू नहीं लाई?" पण तिच्यासमोर त्यानं कधी मान्य केलं नाही की पाट बरा आहे. "कानून में नहीं है," म्हणायचा.

ती स्वतः बाकावर बसायची नाही. भिंतीला टेकून खाली जमिनीवर बसायची, लेकरानं मान वळवली का समोर दिसंल अशी. नव्या नव्या वकिलांना वाटायचं झाडूवाली आहे. एकानं तिला पाणी आणायला सांगितलं. तिनं आणून दिलं. मग पुकारा झाला, लेकरासंग ती पुढं गेली, तेव्हा तो ग्लास हातात धरून उभाच राहिला.

चौकशीला ज्या घरी जायची तिथं तिची एक रीत होती. पहिले पाणी मागायची. पाणी कशात देतात, कोणाला आणायला सांगतात, हे पाहायची. मग म्हणायची, "लेकरू झोपते कोठी?" दाखवलं की तिथं जाऊन सरळ आडवी व्हायची. घरचे लोक पाहून राहिले, मी दारात उभा लाजून राहिलो, अन् ही साठीची बाई कोणाच्याही अंथरुणावर डोळे मिटून पडलेली. चांगली पाच-दहा मिनिटं. मी एकदा म्हटलं, "अवो, पाहून समजत नाई काय?" म्हणाली, "उभ्यानं तुमाले घर दिसते. त्याले काय दिसते ते पडल्यावर दिसते."

मला हे तेव्हा फालतू वाटायचं. पटलं ते अर्जुनी मोरगावकडच्या पोराच्या वेळी.

ते पोरगं नऊ वर्षांचं. माय-बाप मेलेले, काकानं ठेवलेलं. शाळेच्या मास्तरनं पाठीवरचे डाग पाहिले अन् कळवलं. विळा तापवून लावलेले डाग होते. पोराला गोंदियाच्या बालगृहात ठेवलं, काकावर केस झाली. काकाचं म्हणणं, पोरगं चुलीवर पडलं. काका सुटला असता तर पोरगं त्यालाच मिळणार होतं, जवळचं दुसरं कोणी नव्हतं.

आम्ही त्या गावी गेलो. काकी म्हणाली, "आमच्यातच झोपत होता, पलंगावर." हिनं पलंगाकडं पाहिलंही नाही. पोरानं तिला बालगृहात सांगितलं होतं, बैलाजवळ झोपतो. ती सरळ गुरांच्या कोठ्यात गेली अन् तणसावर पडली.

काका ओरडला, "बाई, तेथी गोचीड आहेत!"

"हाव, मालूम झालं," ती पडल्या पडल्या म्हणाली.

मग तिनं मला हाक मारली. "अजी, इकडं या. पडा."

मी म्हटलं, मी नाही पडत. "पडा म्हनते ना." पडलो. कोठ्याचा मधला खांब डोक्याशी होता. उभ्यानं तो खांब साधा दिसत होता. पडून पाहिला तर खालच्या अंगाला, वीतभर उंचीवर, दोरानं घासून घासून खाच पडली होती. बैलाचा दोर इतक्या खाली बांधत नाहीत. परत येताना फाटकाशी लुना थांबवून मी तिच्या पाठीवरचे गोचीड काढले अन् तिनं माझे. येणारे-जाणारे पाहत होते.

कोर्टात काकाच्या वकिलानं तिला विचारलं, "खाच तुम्ही कशी पाहिली?"

"झोपून पाहिली, वकीलसाहेब. तुमी पन जाऊन झोपा."

साहेब पण हसले. पण तिची साक्ष खाचेपुरती. विळा कोणी लावला हे पोरानंच सांगायला पाहिजे होतं.

आता चिंचोक्याचं सांगतो. लेकराला साक्षीच्या दिवशी ती पाच चिंचोके द्यायची. उजव्या मुठीत धरायचे. वकिलानं विचारलं की एक चिंचोका डाव्या मुठीत सरकवायचा, मग बोलायचं. सरकवल्याबिगर बोलायचं नाही. पाच संपले की उलटं. वकील लोक सवाल असे फेकतात, की लेकरू घाईत हो म्हणून मोकळं होते. चिंचोका सरकेस्तोवर त्याला ध्यान येते, आपल्याला काय विचारलं. बस एवढंच. बाकी ती लेकरांना काही शिकवत नव्हती. कोर्टाच्या वाटेवर तर केसचा एक शब्द बोलायची नाही. धानाचं बोलंल, तळ्याबोडीतल्या मासोळ्याचं बोलंल, मंडईच्या जत्रेत काय खाल्लं ते विचारंल. लेकरानं स्वतःहून विषय काढला तर म्हणायची, "ते साहेबाले सांग. मले कायले सांगतं?"

दुसरी तिची गोष्ट, लेकराशी खोटं बोलायचं नाही. सुई टोचंल का विचारलं तर टोचंल म्हणायची. घरी केव्हा जाऊ विचारलं तर मले मालूम नाई म्हणायची. "लेकरं खोटं बोलत नाई असं नाई," ती म्हणायची, "भल्ले बोलतात. पन आपन बोलाचं नाई. मंगच त्यायच्या खऱ्याले पाय फुटतात."

या दोन्ही गोष्टी मला पाठ होत्या. तरी मी केलं ते केलं.

त्या पोराच्या साक्षीच्या दिवशी बालगृहाच्या बाई पोराला आमच्यापाशी सोडून कुठल्या कागदासाठी गेल्या. ती आत वकिलाकडं गेली. मी अन् पोरगं कडुलिंबाखाली बसलो होतो. समोरून काका आला, धुतलेलं धोतर, कपाळाला टिळा, अन् पोराकडं पाहून हसला. पोरानं माझा सदरा धरला. माझं डोकं गरम झालं. मी म्हटलं, "भिऊ नोको बे. चांगलं छातीठोक सांग का काकानंच विळा लावला. अन् रडून सांग. रडून सांगतलं का साहेबाले पटते."

त्यात माझं काय चुकलं ते मला तेव्हा समजलं नाही.

आत पोरगं पाटावर उभं राहिलं. ती खाली भिंतीशी, मी दारात. सरकारी वकिलानं विचारलं, पोरानं चिंचोके सरकवत सरकवत सगळं बरोबर सांगितलं. मग काकाचा वकील उठला. म्हातारा, मोठा गोड बोलायचा.

"बेटा, कोर्टात काय सांगायचं ते तुला कोणी सांगितलं होतं का?"

पोरानं चिंचोका सरकवला. विचार केला. अन् म्हणालं, "हाव."

"कोणी?"

दुसरा चिंचोका. "त्या आबाजीनं." अन् दाराकडं बोट केलं.

सगळं कोर्ट माझ्याकडं वळलं. फक्त ती वळली नाही. वकिलानं हात जोडले. "साहेब, पढवलेला साक्षीदार आहे. मला आणखी काही विचारायचं नाही."

रुळावर गाडी अंगावर यायची पाळी माझ्यावर दोनदा आली आहे. तेव्हा बाजूला उडी मारता आली, इथं जागा नव्हती. पोरगं काकाच्या घरी जाणार अन् मी पाठवणार, एवढंच डोक्यात होतं.

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. पोराला म्हणाले, "आबाजी काय म्हणाले तुला?"

चिंचोका. "म्हने काकानंच लावला असं सांग. अन् रडून सांग."

"मग तू रडला नाहीस."

"रडूच नाई आलं."

"बरं. विळा कोणी लावला?"

"काकानं."

"ते तर आबाजींनी सांगितलं तुला."

पोरानं चिंचोका सरकवला. बराच वेळ लावला. शेवटी माझ्याकडं पाहून, जसं काही मीच बावळट आहे, म्हणालं, "आबाजीले काय मालूम? ते होते काय तेथी? मी होतो."

साहेबांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. तिनं भिंतीशी बसल्या बसल्या पहिल्यांदा तोंड उघडलं. "लिहिलं का, साहेब?" हा तिचा नेहमीचा सवाल होता, समितीत, पोलीस ठाण्यात, सगळीकडं. शिपाई म्हणाला, "चुप बैठो." साहेब म्हणाले, "लिहिलं."

पुढं काकाला शिक्षा झाली. पोरगं परत गेलं नाही. आता मोठं झालं, रायपूरकडं वायरिंगचं काम करते. दिवाळीला यायचं तेव्हा दारातूनच ओरडायचं, "आबाजी, रडून सांगू काय?"

पण त्या दिवशी लुनावर तिनं पाट आमच्या दोघांच्या मध्ये धरला. घरी आल्यावर मीच म्हटलं, "मी खोटं तर नाई सांगतलं. खरंच होतं ते."

"खरं होतं," ती म्हणाली, "पन तुमचं होतं. लेकराच्या तोंडात तुमी आपलं तोंड घातलं."

मग नऊ दिवस बोलली नाही. ताट वाढायची, पाणी ठेवायची, लुनावर बसायची, बोलायची नाही. दहाव्या दिवशी तारीख होती. निघताना तिनं माझ्या हातावर अख्खी सुपारी ठेवली. "तोंडात धरा. कोर्टातून निघाल्यावर थुका." तेव्हापासून दर तारखेला मी गालात सुपारी धरून कडुलिंबाखाली बसत होतो. लोकांना वाटायचं म्हाताऱ्याची दाढ सुजली.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. थोरली रायपूरहून येणार होती, गाडी एकला होती. धाकटी चांद्याच्या गाडीनं येणार, तिला दोन वाजणार. दोघी आल्याबिगर उचलायचं नव्हतं. माझा धाकटा भाऊ बाहेर बांबू बांधत होता. बाया बसल्या होत्या. मला काही काम नव्हतं. घड्याळात नऊ वाजले अन् मला तारीख आठवली.

मी आत गेलो. ती पांघरुणाखाली होती. पदर बाहेर काढून मी गाठ सोडायला लागलो. चिंचेचा कोळ वाळून गाठ घट्ट झाली होती, दातानं सोडावी लागली.

शेजारीण म्हणाली, "काय काढून राहिले भाऊजी?"

"चिंचोके."

बायांनी एकमेकींकडं पाहिलं. डोक्याशी पाट होता, पाटावर दिवा ठेवलेला. मी दिवा उचलून खाली जमिनीवर ठेवला अन् पाट घेतला.

"अजी, दिवा हालवू नोका!"

"विझला नाई," मी म्हटलं.

लुनाला पाट बांधत होतो तर भाऊ आला. "दादा, कोठी चालला?"

"कोर्टात. तारीख आहे."

"घरात मैत आहे अन् तू कोर्टात चालला? लोकं काय म्हनतीन? वहिनी गेली, आता कायची तारीख?"

"वहिनीची नाई. पोरीची."

"दुसऱ्या कोनाले पाठव ना."

"दुसरं कोन आहे? सांग, पाठवतो."

तो बांबूकडं गेला.

फाटकापाशी लुना बंद पडली. पेट्रोल नव्हतं. मी काल आहे म्हटलं होतं ते न पाहताच म्हटलं होतं. पायडल मारत मारत नेली, चढावर उतरून ढकलली. कोर्टात पोचलो तेव्हा अकराला पाच कमी होते. गालात काही नाही हे तिथं गेल्यावर समजलं. सुपारी घ्यायची राहिली होती.

पोरगी बाहेरच्या बाकावर तिच्या आजीजवळ बसली होती. मोडलेला हात अजून जरा वाकडाच होता. तिनं मला पाहिलं, मग माझ्या मागं पाहिलं.

"पाटवाली आजी कोठी आहे?"

"घरी आहे," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

"काऊन नाई आली?"

खरं सांगितलं तर पोरगी आज बोलणार नाही. खोटं सांगितलं तर ते चालत नाही. सुपारी असती तर बरं झालं असतं. मी मूठ पुढं केली. "हे तुझ्यासाठी. काल तिनंच निवडले."

पोरीनं पाचही घेतले, नाकाला लावले. "चिंचेचा वास येते."

"काल फोडली आम्ही."

"मीठ लावलं?"

"नाई. राहिलं."

"मीठ नाई लावलं तर किडे होतात," ती म्हणाली.

"हाव. लावतो."

तिची आजी माझ्याकडं पाहून राहिली होती. मोठ्या माणसाला समजते. तिनं पदर तोंडाला लावला.

पुकारा झाला. शिपायानं नाव घेतलं, माझ्या हातातल्या पाटाकडं पाहिलं. "बाई किधर है?"

मी डोळ्यानं पोरगी दाखवली. "घरी आहे."

कानून में नहीं है असं काही तो म्हणाला नाही. माझ्या हातातून पाट घेतला, स्वतः आत नेला, पिंजऱ्यात ठेवला अन् पायानं हलवून पाहिला, डगमगते का. पोरगी चढली. लेकराची साक्ष आता बंद दारात होते म्हणून साहेबांनी दार लावून घ्यायला सांगितलं. शिपाई बाहेर आला.

"अब बोलो."

"गेली. काल, चिंच फोडता फोडता."

शिपाई ड्युटीवर कधी बसत नव्हता. तो माझ्याजवळ बाकावर बसला.

आतून वकिलाचा आवाज आला. सवाल होता. मग काहीच नाही. शिपाई दाराकडं पाहायला लागला. "फिर चुप हो गई लड़की."

"थांबा," मी म्हटलं. "सरकून राहिला."

मग पोरीचा आवाज आला. काय बोलली ते दारातून ऐकू आलं नाही, पण बोलली. परत सवाल, परत तसंच सगळं थांबलं, परत तिचा आवाज. आता जरा मोठा.

तिसऱ्या सवालाला मी उठलो. थोरली एकच्या गाडीनं यायची होती. पाट आतच राहू दिला, साक्ष संपायची होती. लुना ढकलत पंपावर नेली, टाकी भरली अन् मग घरी गेलो.